उन्हाचा इलाज

धाकटीने माझ्या भावाच्या हातावर रापी ओढली तेव्हा मी टाचा ठोकत बसले होते. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. आमच्या कारखान्यात ती रोज सकाळी दगडावर घासतात आणि तिच्याशी कोणी थट्टा करत नाही. धाकटीने ती त्याच्या कोपराखाली टेकवली आणि एका दमात मनगटापर्यंत आणली, रोज बुटाचं वरचं कातडं कापते तशी, जराही न थरथरता. भाऊ ओरडला नाही. आधी त्याने हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "आक्का, हिने कापलं गं." तेवढ्यात हात उघडला आणि रक्ताची चिळकांडी टेबलावर उडाली.

मी उठले ती हातोडीसकट तिच्यावर गेले. हातोडी मारली नाही, एवढीच माझी अक्कल शाबूत होती. मोकळ्या हाताने तिच्या थोबाडात दिली, मग आणखी एक, मग मनगट पिरगाळून रापी खाली पाडली. तिचं मनगट चार महिन्यांपासून सुजलेलं होतं आणि मला ते चांगलं ठाऊक होतं. मी मुद्दाम तिथेच पिरगाळलं. ती किंचाळली आणि गुडघ्यांवर आली, आणि तिथूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "पाण्यात सोल्युशन घालता तुम्ही माझ्या. मला माहितीये. मारताय तुम्ही मला."

आम्ही चौघं बूट बनवतो. भाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तो सोल चिकटवतो. त्याची बायको ही धाकटी, ती कापते. मशीनवर मास्तर बसतात, ते आमच्या बापाच्या वेळचे, कारखान्यात माझ्या आधी आलेले. मी टाचा ठोकते आणि सगळ्यांवर खेकसते. समोर मला आक्का म्हणतात आणि पाठीमागे हातोडी म्हणतात, आणि दोन्हीचं मला वाईट वाटत नाही. माझा हात आधी चालतो, तोंड नंतर, डोकं सगळ्यात शेवटी.

त्या दिवशीही तसंच झालं. भावाचा हात मास्तरांनी चामड्याच्या पट्टीने दंडाला आवळला आणि त्याला गाडीत घातलं. जाता जाता भाऊ पांढऱ्याफटक तोंडाने मला म्हणाला, "पोलीस नको. काम करताना लागलं म्हणून सांगू. तिला वास चढलाय. तू बघ तिच्याकडे."

वास चढणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सोल चिकटवायचं सोल्युशन डब्यात उघडं असतं, खोली बंद असते, आणि दिवसभर ते नाकात जातं. कुणाला गरगरतं, कुणी उगाच हसत सुटतो. आमच्या बापाला एकदा असा वास चढला की तो एका गिऱ्हाइकाच्या मागे कलबूत, म्हणजे बुटाचा लाकडी साचा, घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत धावला होता. तेव्हा आजोबांनी त्याला गच्चीवर नेऊन बसवलं. तिसऱ्या दिवशी बाप खाली आला, तोंड धुतलं आणि कामाला लागला. तेव्हापासून आमच्याकडे वास चढला की माणूस गच्चीवर जातो. हे शाळेत कुणी शिकवलं नाही, पण चुकलंही कधी नव्हतं.

म्हणून मला एका क्षणाचीही शंका आली नाही. खरं तर यायला हवी होती. धाकटीची बोटं सकाळी उठल्यावर मिटत नव्हती, तासभर ती कोमट पाण्यात हात घालून बसायची. गालांवर नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे उठले होते. तोंडात फोड, अंगात कणकण, आणि केस विंचरले की फणीत झुपका. गल्लीतल्या डॉक्टरने संधिवात म्हणून दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि रक्त तपासायची चिठ्ठी दिली. "हे साधं वाटत नाही, मोठ्या दवाखान्यात दाखवा," असंही तो म्हणाला होता. ती चिठ्ठी मीच मशीनच्या खणात टाकली. शाळा उघडायच्या होत्या, काळ्या बुटांची मागणी डोक्यावर होती, आणि कापणारी एकटी तीच. सीझन गेल्यावर बघू, असं मी म्हणाले, आणि माझ्या म्हणण्यापुढे त्या घरात कुणी बोलत नाही.

मग तिचं डोकं बिघडायला लागलं. एकदा तिने एका दुपारी बारा जोडांचं कातडं कापलं ते सगळं डाव्या पायाचं. भाऊ म्हणाला, "लंगड्यांची शाळा आहे का कुठे?" आम्ही हसलो, ती हसली नाही. मशीनमधून कुणीतरी तिचं नाव घेतं, असं तिने मास्तरांना विचारलं. पाण्याचा तांब्या ती हुंगून बघायला लागली. यातलं एकेक मला दिसत होतं, आणि एकेकाला माझ्याकडे उत्तर होतं: सोल्युशनचा डबा तिच्या टेबलाजवळ आहे, तो हलवा. डबा हलवला. दोन दिवसांनी तिने नवऱ्याचा हात कापला.

मी तिला गच्चीवर नेलं. नेलं म्हणजे केसांना धरून जिन्यावरून चढवलं. पाचव्या पायरीवर ती उलटली आणि तिने डोकं माझ्या तोंडावर आपटलं. माझा पुढचा दात तुटला. तुकडा मी थुंकून टाकला आणि तिच्या बरगडीत गुडघा घातला, तेव्हा ती वर आली. चामडं वाळत घालायचा नायलॉनचा दोर गच्चीवर होताच. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पाइपला मी तिला मनगटांनी आणि कमरेने बांधलं. ती सारखी लाथा मारत होती म्हणून घोटेही बांधले. दिवस उन्हाळ्याचे होते. टाकीची सावली सकाळीच दुसरीकडे सरकायची.

"ऊन नको," ती म्हणाली. "आक्का, मला ऊन चावतं."

"चावू दे. वास उतरेल."

पहिल्या दिवशी ती शिव्या देत होती. भलत्याच शिव्या, ज्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. मी घास भरवायला गेले तर तिने माझ्या हाताचा चावा घेतला, दात हाडापर्यंत गेले. मी तिच्या कानाखाली काढली आणि घास खाली फेकून दिला. संध्याकाळी खाली आणून कोठीत कोंडलं, सकाळी पुन्हा वर नेलं. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला, गळ्याखाली फोड आले. मला वाटलं, विष बाहेर पडतंय. खरंच असं वाटलं मला. मी त्यावर ओलं फडकं ठेवलं आणि स्वतःला फार मायाळू समजले.

मास्तर दुपारी वर आले. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. "आक्का, तुझ्या बापाला कुणी बांधलं नव्हतं. तो सावलीला बसला होता, पत्र्याखाली. हवा लागावी म्हणून. ऊन कुणी सांगितलं तुला?"

"मी बघितलंय."

"तू सात वर्षांची होतीस. मी बघितलंय."

मी पायरीवरची वीट उचलून त्यांच्या दिशेने भिरकावली. ती लागली नाही, पण सत्तरीचा माणूस जिन्यावरून घसरला आणि त्याचा गुडघा फुटला. ते खाली गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला बरंच वाटलं, कारण ते बोलले असते तर मला ऐकावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली. मी म्हटलं, उतरला वास. तिने मान वर केली, डोळे अगदी स्वच्छ होते, आणि मोजून मापून बोलली, "आक्का, तुम्ही मला उन्हात बांधून मारताय. कुणीतरी हे लक्षात ठेवायला पाहिजे, म्हणून मी ठेवते." बाप तिसऱ्या दिवशी बरा झाला होता. ही अंगाने बारीक, हिच्यात वास खोल गेला असेल, म्हणून मी चौथा दिवस धरला.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला तिला झटका आला. मी खाली होते. वरून पाइपचा आवाज आला, ठण ठण ठण, कुणी मोगरीने ठोकावं तसा. धावत गेले तर तिचं डोकं पाइपवर आपटत होतं. डोळे वर, दातांत जीभ, हनुवटीवरून रक्ताचा फेस, आणि सगळं अंग धनुष्यासारखं ताणून सुटत होतं. दोर तिच्या मनगटात रुतत चालला होता. गाठ मला सोडवेना. माझीच गाठ. शेवटी दातांनी ओढली, तुटक्या दाताने, आणि ती माझ्या अंगावर कोसळली. मी तिला खांद्यावर टाकून जिना उतरले. पाठीवर ती आचके देत होती आणि मी मोठमोठ्याने रडत होते. मास्तर लंगडत पुढे धावले आणि गाडी थांबवली.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण बुटकी होती आणि अगदी हळू बोलायची. झटका थांबवल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "या उन्हात होत्या का?"

"नाही," मी म्हणाले. "घरातच असते ती."

तिने चादर बाजूला केली आणि धाकटीचा हात दिव्याखाली धरला. सगळा हात भाजून लाल, फोडांनी भरलेला, आणि मनगटाला दोन बोटं रुंद पांढरा पट्टा. दोराखालची कातडी तेवढी कोरी राहिली होती. कमरेला तसाच, घोट्यांना तसाच. "घरात," ती म्हणाली. "बरं. किती दिवस घरात होत्या?"

"चार," मी म्हणाले.

तिने लिहून घेतलं. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, रक्ताच्या सात बाटल्या भरल्या, डोक्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी मला खुर्चीवर बसवून तिने सांगितलं, आणि ते मी अक्षर न अक्षर लक्षात ठेवलं आहे. "याला ल्युपस म्हणतात. अंगात बाहेरच्या जंतूंशी लढायला जी फौज असते, ती स्वतःच्याच घरावर उलटते. आधी सांधे, मग कातडी, तोंड. यांच्यात ती मेंदूपर्यंत पोचली. म्हणून भास, म्हणून संशय, म्हणून झटके. सांध्याचा आजार माणसाला वेडं करतो हे लोकांना खरं वाटत नाही."

"आणि सोल्युशन?"

"ती खोली तुम्ही हवेशीर कराच. पण वासाने गालांवर असे चट्टे येत नाहीत आणि बोटं सुजत नाहीत."

"आणि ऊन?"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, तुटलेल्या दाताकडे. "आजार आधीच आत शिरला होता. सुरी चालली, तुम्हीच सांगितलंत, ती उन्हाच्या आधी. पण या आजाराला ऊन म्हणजे आगीत तेल. मी अशा कुणालाही उन्हात पाच मिनिटं उभं राहू देत नाही. तुम्ही चार दिवस दिलेत." मग तिने विचारलं, "यांच्या नवऱ्याला तुम्ही सांगणार की मी?"

"मी सांगते," मी म्हणाले.

नाही सांगितलं. भाऊ त्याच दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर हाताच्या नसा शिवून पडला होता. त्याची दोन बोटं आता हलणार नव्हती. त्याला मी एवढंच म्हणाले, तिला झटका आला, आजार डोक्यात गेलाय, औषध चालू आहे. तो रडला आणि म्हणाला, "तरी बरं आक्का, तू होतीस तिच्याजवळ." मी खिडकीबाहेर बघितलं.

धाकटीला शिरेतून औषध सुरू झालं, भल्यामोठ्या मात्रेचं. पहिले आठ दिवस ती वाघिणीसारखी होती. एका नर्सच्या नाकावर तिने सलाइनचा स्टँड घातला, नाकाचं हाड मोडलं. मला बघितलं की ती खाटेवर उठून किंचाळायची, "हिला आत घेऊ नका, ही मला मारते." नर्सा मला समजवायच्या, "मनावर घेऊ नका, आजारात आपल्याच माणसावर संशय येतो." मी मान हलवायचे. त्यांनीही तिचे हात बांधले, मऊ पट्ट्यांनी. दर तासाला सोडून, कातडी बघून, पुन्हा बांधायच्या.

तिसऱ्या आठवड्यात ती एक दिवस झोपून उठली आणि तिने पाणी मागितलं. हुंगलं नाही, नुसतं प्यायली. मग नवऱ्याच्या हातावरचं प्लास्टर बघून तिने विचारलं, "हे मीच ना केलं?" तो म्हणाला, "तूच. पण एका ओढीत केलंस. डॉक्टर म्हणाले, इतकी सरळ जखम त्यांनी कधी शिवली नव्हती." ती हसायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. नंतर मनगटं पुढे करून ती म्हणाली, "आणि हे?"

"दवाखान्यात बांधावं लागलं तुला," मी म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की मलाच माझी भीती वाटली.

ती घरी आली. खिडकीला आम्ही जाड पडदे लावले, सोल्युशनचं काम मागच्या पत्र्याखाली नेलं. ती टोपी, लांब बाह्या, सकाळच्या सात गोळ्या, सगळं निमूट करायची. पण कापायच्या टेबलाजवळ यायची नाही. मागणी तुंबली, मास्तर वेडंवाकडं कापत राहिले, भावाला आता कापता येणार नव्हतं. मी एकदा म्हणाले, तुझी बोटं बरी दिसतात की आता. ती नुसती उठून आत गेली.

एका दुपारी भाऊ आणि मास्तर माल द्यायला गेले होते. ती माझ्यासमोर येऊन बसली, पाटावर, गुडघे जवळ घेऊन. तिच्या हातात एक कागद होता.

"आक्का, एक विचारायचंय. यांना सांगू नका."

"विचार."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, भास होते ते सगळे लिहून काढ. जे गेले त्यावर काट मार. पुन्हा आले तर लगेच सांग." तिने कागद माझ्यापुढे धरला. अक्षर कोंबडीचे पाय उमटावेत तसं, बोटांमुळे. मशीन नाव घेतं, यावर काट. पाण्यात सोल्युशन, यावर काट. रेडिओवाला माझ्यावर हसतो, यावर काट. सगळ्यात खाली एक ओळ होती, तिच्यावर काट नव्हती: आक्का मला गच्चीवर उन्हात बांधून मारतात.

"हा एक जात नाही," ती म्हणाली. "बाकीचे आता आठवले तरी खोटे वाटतात. हा खरा वाटतो. टाकीचा पाइप दिसतो, त्यावरचा गंज दिसतो, तुमचा तुटका दात दिसतो. रोज दिसतो. म्हणजे मी बरी नाही झालेली. डोक्यात अजून आहे ते." तिचा आवाज बारीक झाला. "मी बाईंना सांगितलं नाही. सांगितलं तर पुन्हा ठेवून घेतील. नाही सांगितलं तर मी पुन्हा कुणालातरी कापीन. तुमच्यावर मी एवढा घाण आळ घेतला, तुम्हीच मला खांद्यावर घालून नेलंत, मास्तर सांगत होते. मला माफ करा आक्का. एकदा सांगा की हे खोटं आहे, मी काट मारते. मग जाईल कदाचित."

तिने पेन काढलं होतं. मला फक्त हं म्हणायचं होतं. मास्तर मरेपर्यंत बोलले नसते, डॉक्टरणीशी भावाची गाठ पडत नव्हती, आणि ही आयुष्यभर माझ्या पाया पडली असती. एवढं सोपं खोटं मला कुणी कधी हातात आणून दिलं नव्हतं. आणि त्या काटेबरोबर तिचं डोकं कायमचं गेलं असतं, चांगलं झालेलं डोकं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवर तिने पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता.

"काट मारू नकोस," मी म्हणाले. "ते खरं आहे."

तिने पेन खाली केलं.

"मी बांधलं तुला. नायलॉनच्या दोराने. मनगटावरचे वळ माझे आहेत, दवाखान्यातले नाहीत. तू ऊन चावतं म्हणालीस, मी ऐकलं नाही. मास्तर म्हणाले, त्यांच्यावर वीट फेकली. दात तू जिन्यात तोडलास."

"किती दिवस?"

"चार."

"रात्री कोठीत?"

"हो."

"तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला काही बोलले होते."

"कुणीतरी लक्षात ठेवायला पाहिजे, म्हणालीस."

तिने कागदाची नीट घडी घातली. पेनाला टोपण लावलं. मग उठली आणि सगळा जोर लावून माझ्या तोंडावर मारलं. माझं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं. तिची बोटं त्या फटक्याने दुखली असणार, कारण तिने हात काखेत दाबून धरला आणि वाकून श्वास घेतला. ओठ फाटून माझ्या तोंडात रक्त आलं. मी पुसलं नाही.

"म्हणजे मी बरी आहे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा उजळला होता, इतका की मला बघवेना. "आक्का, मी बरी आहे."

"आहेस," मी म्हणाले.

तिने दुसरा हात उचलला, आणि मी तोंड तिच्याकडे केलं.